ज्याचा विषय, तो भायेर

खोली पाहायला गेले तेव्हा काकाजींनी मला लग्नाचं विचारलं नाही, जातीचं विचारलं नाही, रात्री कधी परतणार हेही विचारलं नाही. "मोबाइलमध्ये नेट राह्यते ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी गेटातच उभ्या उभ्या माझा नंबर घेतला, चष्मा नाकावर चढवला, एका बोटाने बराच वेळ खुडबुड केली आणि माझ्या पर्समध्ये फोन किणकिणला. 'घर' नावाच्या ग्रुपमध्ये मला घेतलं गेलं होतं.

"झालं," काकाजी म्हणाले. "तू घरात आली. आता खोली पाहून घे."

खोली काही खास नव्हती. खिडकी होती, पण ती काकाजींच्या न्हाणीघराकडे उघडायची. तरी घरात तर आलेच होते, आता नाही कसं म्हणायचं, म्हणून राहिले. मी मूळची खैरलांजीकडची, बालाघाटात एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागले होते. त्यामुळे काकाजींनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी लॅबवाली. पलीकडच्या खोलीत जंगल खात्यातला नाकेदार आणि त्याची बायको, म्हणजे नाकेदारीण. नाकेदाराची ड्यूटी बैहरकडच्या जंगलात, आठवड्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. गेटाजवळच्या खोलीत देवा. तो बसस्टँडवर सवाऱ्या हाकारून बसमध्ये बसवायचा आणि घरीही त्याच आवाजात बोलायचा. एवढे आम्ही भाडेकरू, मधे अंगण, आणि अंगणाच्या तोंडाशी काकाजींची खोली. ग्रुपमध्ये आम्ही सगळे आणि काकाजींची नागपूरला दिलेली मुलगी. तिला सगळे ताई म्हणायचे.

काकाजी तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत हाजरीबाबू होते. जन्मभर गेटवरच्या खिडकीत बसून मजुरांची हाजरी लावली. त्यामुळे जगात जे काही चालतं ते खाणीसारखं चालतं अशी त्यांची खात्री होती, आणि ग्रुप कसा चालतो हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात खाणीवरूनच समजावून दिलं.

"एक टिक म्हंजे भोंगा वाजला. दोन टिक म्हंजे मजूर गेटवर आला. निळ्या झाल्या म्हंजे खाली उतरला."

"अन् ज्याचा फोनच बंद आहे, त्याचा मेसेज कुठं राह्यते?" मी विचारलं.

"वरच्या हाफिसात. टेबलावर पडून राह्यते. मानूस ड्यूटीवर आला का त्याच्या हाती देते."

हे कितपत बरोबर होतं, देव जाणे. लॅबमधल्या कॉम्प्युटरवाल्याला मी तेच विचारलं, तर तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलला आणि मला काहीही कळलं नाही. मी काकाजींच्याच हाफिसावर समाधान मानलं.

एकदा मी माझ्या निळ्या टिका बंद करून टाकल्या. कोणी काय वाचलं याची चौकशी दुसऱ्याने का करावी, असा माझा साधा मुद्दा होता. संध्याकाळी काकाजी दारात. "तू वाचते, अन् वाचलं म्हनून सांगत नाही. हे असं झालं का मजूर खाली उतरला अन् हाजरीचं कार्ड खिशातच. उद्या खदान ढासळली तं तुले कोन शोधनार?" मी म्हटलं, काकाजी, खदान कुठाय इथं, अंगण आहे. ते म्हणाले, "अंगन काय ढासळत नाही?" मी टिका चालू केल्या.

कोणी मेसेज पाठवून पुसून टाकला तर ते काठी टेकत त्या खोलीशी जायचे आणि "काय गिळलं?" म्हणून विचारायचे. कोणी लिहितोय असं स्क्रीनवर दिसलं की फोन हातात धरून बसून राहायचे आणि दोन-तीन मिनिटं काही आलं नाही की अंगणातून ओरडायचे, "देवा, लवकर लिव्ह बे, डोळे दुखून राह्यले." देवा आतून ओरडायचा, "काकाजी, भाजी जल रही है, रुको." मग दोघांचं बोलणं तोंडीच उरकायचं आणि देवाला तेच बोलणं पुन्हा ग्रुपवर लिहावं लागायचं, कारण तोंडी बोललेलं काकाजींच्या हिशेबी झालेलं नसायचं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा भायेरचा नियम.

काकाजींच्या लहानपणी गावात बैठक भरायची. बैठकीत ज्याचा विषय निघेल त्याने उठून बाहेर जायचं, लिंबाखाली बसायचं. आत लोक त्याच्याबद्दल हवं ते बोलणार, भांडणार, काय ते ठरवणार, मग त्याला आत बोलावणार आणि फक्त ठरलेलं सांगणार. कोण काय बोललं ते कोणी सांगायचं नाही, त्याने विचारायचं नाही. काकाजींनी ही रीत उचलून जशीच्या तशी ग्रुपमध्ये आणली. "ज्याचा विषय, तो भायेर," असं लिहून ते त्या माणसाला सरळ काढून टाकायचे. तो नसताना जे लिहिलं जाई ते परत आल्यावर त्याला दिसत नसे. ग्रुपची ही सोय पाहून काकाजी फार खूश होते. हा ग्रुप ज्याने कोणी काढला असेल, तो नक्की बैठकीच्या गावचा असणार, असं त्यांचं मत होतं.

बरं, नुसतं ग्रुपमधून काढून भागायचं नाही. गेटाबाहेर एक चपटा दगड होता, फोन घेऊन त्या दगडावर जाऊन बसायचं. सुरुवातीला मी हसले. मग माझाच विषय निघाला. मी न्हाणीघरात मोठ्याने गाते, आणि वाईट गाते, अशी नाकेदारीणबाईची तक्रार होती. मी काही दगडावर जाणार नव्हते. पण बाहेर बसलेल्याला चहा द्यायचा, आणि तोही तक्रार करणाऱ्याने न्यायचा, हा नियमाचा दुसरा भाग होता. नाकेदारीण चहा घेऊन गेटाबाहेर उभी, आणि मी खोलीत. तिची पंचाईत पाहून गेले शेवटी. चहा देताना ती खाली मान घालून म्हणाली, "आवाज तसा बरा आहे, पन सकाळी सकाळी नको." माझा राग तिथंच गेला. आत काय चर्चा झाली मला आजतागायत माहीत नाही. ठरलं ते असं, की मी रविवारी गावं.

असा आमचा कारभार चालला होता. गाडी आडवी लावली म्हणून देवा दगडावर, मच्छी धुतलेलं पाणी अंगणात फेकलं म्हणून नाकेदारीण दगडावर. येणारे-जाणारे विचारायचे, काय झालं, कुलूप लागलं का? आम्ही म्हणायचो, नाही, घरात आमच्याबद्दल बोलणं सुरू आहे.

काकाजींचा विषय मात्र कधी निघाला नाही. तो ताईने काढला.

ताईचं आणि बापाचं एकाच गोष्टीवरून वाजलेलं होतं. ती म्हणायची, बाबा, रोज सकाळी उठलात की मला एक मेसेज करा, उठलो म्हणून, बाकी काही नको. काकाजी म्हणायचे, नाही. जन्मभर मी दुसऱ्याची हाजरी घेतली, आता म्हातारपणी स्वतःची देऊ काय? सगळ्या भाडेकरूंच्या निळ्या टिका मोजणारा हा माणूस स्वतःच्या मुलीला एक शब्द लिहायला तयार नव्हता. मी त्यांची साखर तपासायला सुई टोचायचे तेव्हा मुद्दाम जोरात टोचून हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मग ते न्हाणीघरात पडले. आम्ही सगळे कामावर, नाकेदारीण बाजारात. ती परत येईपर्यंत पडून होते. मोडलं काही नाही, पण ताईला कळलं दुसऱ्या दिवशी, आणि तेही देवाच्या तोंडून सहज निघून गेलं म्हणून. त्याच रविवारी ती गाडी करून आली. येताच तिने बापाचे कपडे पिशवीत भरायला घेतले आणि काकाजींनी एकेक काढून परत खुंटीला लावले. शेवटी तिने अंगणात उभं राहून ग्रुपवर लिहिलं, "बाबांना मी नागपूरला नेते. ते इथं राहावेत असं कोणाला वाटत असेल तर त्यांच्याकडे बघणार कोण, ते आज इथंच सांगा."

काकाजींनी ते वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"विषय माहा आहे," ते म्हणाले. "मी भायेर बसतो."

आणि त्यांनी आपल्या हाताने ग्रुप सोडला, काठी घेतली आणि दगडावर जाऊन बसले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. बापाच्या घरात वाढलेली, तिलाही रीत ठाऊक होती.

मग बैठक सुरू झाली. अंगणात दोन खाटा टाकून आम्ही समोरासमोर बसलो आणि तोंडाने एक अक्षर न बोलता फोनवर लिहू लागलो. आणि काय सांगू, इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, मोकळीक मिळाल्यावर कोण सोडतो? देवाने लिहिलं, म्हातारा पहाटे नळ वाजवून झोपमोड करतो. नाकेदारीणने लिहिलं, माझ्या भाजीत मीठ जास्त म्हणतात आणि वाटी चाटून पुसून परत देतात. मी लिहिलं, साखर वाढलेली असूनही जिलबी खातात आणि माझ्यासमोर बोटं धुतात. ताईने लिहिलं, तुम्ही दोन वर्षांचं सांगून राहिले, मी लहानपणापासून भोगते आहे. हे लिहिताना तिला हसू फुटलं आणि मग तोच राग डोळ्यांत आला.

शिव्या संपल्यावर कामाचं बोलणं झालं. संध्याकाळची भाकर नाकेदारीण देणार. साखर मी बघणार, सुई हळू टोचून. देवाने लिहिलं, "बाथरूम में बस का डंडा ठोक देता हूँ, पकड़ के खड़े रहेंगे." भंगारात निघालेल्या बसचा धरायचा दांडा त्याच्या माहितीत होता. ताईने सगळं वाचलं आणि लिहिलं, ठीक आहे, राहू देते, पण सकाळची खबर मला रोज पाहिजे. ती मिळणार नसेल तर बाबा आजच गाडीत बसतील.

आता काकाजींना आत बोलवायचं आणि विचारायचं, एवढंच उरलं होतं. आणि तिथं घोडं अडलं. ग्रुपमध्ये माणूस घ्यायचा अधिकार ॲडमिनला, ॲडमिन एकटे काकाजी, आणि ते तर निघून गेलेले. ॲडमिन गेला की ग्रुप आपल्या मर्जीने दुसऱ्या कोणाला तरी ॲडमिन करून टाकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्या ग्रुपने सगळ्यांतून नाकेदाराला निवडलं होतं. आणि नाकेदार जंगलात, जिथं नेटवर्कचं नाव नाही. त्याला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक. वरच्या हाफिसात टेबलावर पडून.

ताई बाहेर गेली. "बाबा, ठरलं आमचं. चला आत."

"बोलावनं आलं काय?" काकाजींनी फोन दाखवला. "नाही आलं."

"मी तोंडाने बोलावून राहिले ना."

"तोंडानं गेलो नाही, तं तोंडानं कसा येऊ?"

मी डोकं चालवलं. 'घर दोन' म्हणून नवा ग्रुप केला आणि त्यांना त्यात घेतलं. गेटाबाहेर फोन वाजला. काकाजींनी पाहिलं आणि लगेच त्या ग्रुपमधून बाहेर पडले. "हे भलत्याचंच घर आहे, लॅबवाले," ते दगडावरून ओरडले. "मी याले ओळखत नाही."

ताई म्हणाली, "पाहून घ्या. याच्यासाठीच न्यायचं आहे यांना." गाडीवाला येऊन विचारून गेला, अजून किती वेळ. नाकेदारीणने चहा नेला, मग पुन्हा नेला. ऊन दगडावरून सरकून भिंतीवर गेलं. म्हातारा टोपी सरळ करत बसलेला. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही सोबतच आलं, वेगळं करता येईना. आम्ही सगळे त्या एका टिकेकडे डोळे लावून बसलो होतो.

दिवे लागायच्या वेळेला नाकेदाराची जीप घाट उतरून बैहरला लागली असणार. एकदम दोन टिका झाल्या. नाकेदारीण खाटेवरून उठूनच उभी राहिली. पण नवरा तिचा सरळ मुद्द्यावर येणारा नव्हता. तो पहिल्या मेसेजपासून उत्तरं द्यायला लागला. मिठाबद्दल लिहिलं, काकाजी बरोबर बोलतात. नळाबद्दल लिहिलं, माझी नाही झोप मोडत. मग खाली येऊन लिहिलं, मला न विचारता ठरवलं कसं, मीही या घरात राहतो. नाकेदारीणने त्याला फोन लावला आणि जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्याने काकाजींना घेतलं.

गेटाबाहेर किणकिण झाली. काकाजी उठले, कंबर सरळ केली, चपला काढून अंगणात आले, जसे नुकतेच कुठून तरी पाहुणे आले आहेत.

"काय ठरलं?"

मी सांगितलं. भाकर मान्य, सुई मान्य, दांडा फारच मान्य. सकाळच्या खबरेचं निघालं तशी मान हलली. "हाजरी मी देनार नाही."

"मग पिशवी उचला," ताई म्हणाली.

काकाजी खाटेवर बसले आणि एका बोटाने लिहू लागले. आमच्या सगळ्यांच्या हातात ते एकदमच आलं. "आता विषय ताईचा. नाकेदार, तिले भायेर बसव."

नाकेदाराने लगेच काढलं. ताईने फोनकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि दगडाकडे गेली. एवढी मोठी, कॉलेजात शिकवणारी बाई, पदर सावरून गेटाबाहेर बसली.

काकाजींनी लिहिलं ते हळूहळू आलं, तुकड्या-तुकड्यांनी. "हिची माय गेली तवा ही शाळेत होती. साऱ्या खदानीले समजलं. हिले सगळ्याच्या शेवटी समजलं. मीच सांगायले गेलो नाही. माही हिंमत झाली नाही." मग बराच वेळ ते लिहीत असल्याचं दिसत राहिलं. देवाने या वेळी घाई केली नाही. "हाजरी मी देनार नाही. तुमी घ्या. मले सांगू नका. काई झालं तं तिले पह्यले समजलं पाह्यजे."

नाकेदारीणने पदराने नाक पुसलं आणि चहा टाकायला गेली. या खेपेला तक्रार कोणाचीच नव्हती, तरी चहा तिनेच नेला.

ताईला आत बोलावलं. "काय ठरलं?" तिने विचारलं.

"ठरलं का गाडीवाला खोळंबला, तू आता निघ," काकाजी म्हणाले. "पिशवी राहू दे इथंच."

ती माझ्याकडे बघू लागली. मी मान डोलावली, तेवढं तर नियमात बसत असावं. ती गेली.

त्याच रात्री आम्ही 'हाजरी' नावाचा ग्रुप काढला. त्यात ताईसकट सगळे होते, फक्त काकाजी नव्हते. सकाळी देवाने पहिली खबर दिली, "काकाजी उठ गए. नल बजा रहे हैं." पुढे ते रोज होऊ लागलं. कधी मी लिहायचे, कधी नाकेदारीण. आणि ज्यांना काही सांगायचं नव्हतं, ते काकाजी रोज उठल्यावर अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहायचे आणि खोकायचे. कोणाची तरी खिडकी उघडेपर्यंत खोकायचे. एकदा आम्ही तिघंही मुद्दाम उठलो नाही, तर येऊन माझं दार काठीने ठोकलं. "लॅबवाले, झोपली काय? मी खोकून राह्यलो ना."

ताईने मला कितीदा तरी विचारलं, त्या दिवशी बाबा काय बोलले. मी म्हणायचे, ताई, रीत आहे.

मागच्या वर्षी मला गोंदियाला चांगली नोकरी लागली. सामान ऑटोत ठेवलं आणि खोलीची किल्ली द्यायला गेले, तर फोन किणकिणला. 'घर'मधून मला काढलं होतं, ॲडमिन आता पुन्हा काकाजी होते. काकाजींनी काठीने गेटाकडे दाखवलं. मी दगडावर बसले. ऑटोवाला बघत होता. हातात तो मुका फोन घेऊन बसलं की काय वाटतं ते सांगता येत नाही, आत आपलंच बोलणं चाललं आहे आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळणार नाही. चहा घेऊन खुद्द काकाजी आले. साखर जास्त पडली होती, तरी सगळा प्याले. कप घेऊन ते आत गेले आणि मग आत बोलावणं आलं.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरलं का तू खोली सोडून राह्यली. घर नाही." मग म्हणाले, "निळ्या टिका बंद करजो नको."

कोण काय बोललं ते मी नाकेदारीणला विचारलं. ती म्हणाली, रीत आहे. ताईला फोन करून विचारलं. ती आधी खूप हसली, मग तिनेही तेच सांगितलं.

दोन्ही ग्रुपमध्ये मी अजून आहे. आज सकाळी गाडीत बसता बसता फोन वाजला. नाकेदारीणचा मेसेज होता. "काकाजी उठले. खोकून राह्यले. देवा मुद्दाम खिडकी उघडत नाही."